ताळेबंदामागचा मालक : प्रस्तावना

10 जानेवारी 2020 रोजी, एका शुक्रवारी, बेंगळुरूतल्या दोन संस्थांच्या हिशेबांविषयी दोन बातम्या आल्या. इन्फोसिसने तिमाही निकाल जाहीर केले आणि त्यासोबत सांगितले की, आदल्या ऑक्टोबरात बाहेर आलेल्या निनावी तक्रारीत हिशेबातल्या गैरप्रकारांचे जे आरोप होते, त्यांना पुष्टी देणारे काही कंपनीच्या लेखापरीक्षण समितीला सापडले नाही. त्याच दिवशी कामकाज संपल्यापासून श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागू झाले. या बँकेचे मुख्य कार्यालय बसवनगुडी भागात, नेट्टकल्लप्पा सर्कलजवळ. ठेवी सुमारे 2,400 कोटींच्या, आणि खातेदाराला स्वतःच्या खात्यातून काढता येणार होते जास्तीत जास्त 35,000 रुपये.

बसवनगुडी ही दोड्ड बसवण्णाच्या देवळाभोवती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखलेली वस्ती. गांधी बझार, नॅशनल कॉलेज, मठ, व्याख्यानांची सभागृहे, निवृत्त शिक्षक आणि सरकारी नोकर. मराठी वाचकाने पुण्याची सदाशिव पेठ डोळ्यांपुढे आणली तरी चालेल. इथल्या माणसांनी ग्रॅच्युइटीचे, प्रॉव्हिडंट फंडाचे, घर विकून आलेले पैसे या बँकेत ठेवले. व्याज इतरांपेक्षा जास्त मिळत होते, शाखा घराजवळ होती आणि पाटीवर गुरूंचे नाव होते. ताळेबंद दरवर्षी छापून येत होता, त्यावर लेखापरीक्षकाची सही होती. पुढे फेरलेखापरीक्षणातून आणि तपासातून जो आरोप समोर आला तो असा, की मोठ्या कर्जदारांची थकलेली खाती नवी कर्जे दाखवून नियमित ठेवली गेली, काही खाती निव्वळ कागदावरची होती आणि गुंतलेली रक्कम हजार कोटींच्या वर होती. त्यावरची न्यायालयीन लढाई लांबली. ठेवीदार मात्र त्या शुक्रवारपासूनच अडकले.

या दोन संस्थांची तुलना करण्याचे कारण त्यांचा आकार किंवा धंदा नाही. इन्फोसिसमध्ये तेव्हा प्रवर्तकांकडे 13 टक्क्यांच्या आसपास भाग होते. बाकीचे लाखो भागधारकांत आणि देशी-परदेशी फंडांत विखुरलेले. तक्रार बाहेर आल्यावर शेअर एका दिवसात सुमारे 16 टक्क्यांनी कोसळला, बाहेरचे वकील आणि हिशेबतपासनीस बोलावले गेले, अमेरिकेच्या रोखे नियामकानेही विचारणा केली. बसवनगुडीच्या बँकेची मालकी तर त्याहून अधिक विखुरलेली होती, कारण सहकारात प्रत्येक सभासद मालक असतो. तरीही तिथे वर्षानुवर्षे कोणाला काही कळले नाही. मालकी दोन्हीकडे पसरलेली असताना एका ठिकाणी हिशेबावर पहारा बसला आणि दुसऱ्या ठिकाणी तो बसला नाही. असे का होते, हा मालकी आणि हिशेबाची गुणवत्ता यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासशाखेचा मध्यवर्ती प्रश्न आहे आणि या पुस्तकाचाही. जो वाचक यात प्रथमच येतो आहे, त्याचे मनापासून स्वागत. गणित थोडेच लागेल. ताळेबंद वाचण्याची तयारी मात्र हवी.

सुरुवात नफ्यापासून करू. नफ्याच्या आकड्यात अंदाजाचा भाग मोठा असतो, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि पुढे बहुतेक जण विसरतात. यंत्र दहा वर्षे चालेल असे धरले तर घसारा एक, पंधरा वर्षे धरले तर दुसरा. उधारीतले किती बुडेल, वॉरंटीपोटी किती खर्च येईल, अर्धवट झालेल्या कंत्राटाचे किती उत्पन्न यंदाचे मानायचे, हे सगळे व्यवस्थापनाने ठरवायचे असते. समजा एका कंपनीने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वितरकांना सांगितले, "माल उचला, पैसे ऑगस्टात द्या, खपला नाही तर परत करा." विक्री यंदाच्या वर्षात धरली गेली, नफा वाढला, बोनस ठरला. तिजोरीत रुपया आला नाही. ताळेबंदात येणे रक्कम फुगली आणि तिचे स्पष्टीकरण मागायला कोणी आले नाही. नफा आणि प्रत्यक्ष आलेली रोकड यांत जी फट राहते, तिला हिशेबाच्या भाषेत अ‍ॅक्रुअल म्हणतात. नफ्याची हाताळणी बहुतेक वेळा याच फटीतून होते. त्यातली बरीच हाताळणी कायद्याच्या चौकटीत बसणारी असते, म्हणूनच तिचा अभ्यास अवघड आणि मोलाचा आहे.

या फटीतला साधा भाग कोणता आणि संशयास्पद कोणता, हे मोजण्याचा गाजलेला प्रयत्न जेनिफर जोन्स यांनी 1991 मध्ये केला. त्यांनी निवडलेली उदाहरणे मोठी हुशारीची होती. अमेरिकेत परदेशी मालाच्या आयातीमुळे आपले नुकसान होते आहे असे सिद्ध केले तर उद्योगाला सरकारी संरक्षण मिळे. अशा चौकशीच्या वर्षी कंपनीला नफा कमी दाखवण्यात रस असतो. जोन्स यांनी विक्रीतली वाढ आणि यंत्रसामग्री यांवरून प्रत्येक कंपनीच्या अ‍ॅक्रुअलचा अपेक्षित आकडा काढला, प्रत्यक्ष आकडा त्यापुढे ठेवला, आणि चौकशीच्या वर्षात तो खाली ओढलेला आढळला. या पद्धतीच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. पण तिची मर्यादा नवागताने पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवावी. तिने दिलेला आकडा ही वजाबाकी करून उरलेली बाकी आहे. कंपनीचा धंदा झपाट्याने वाढत असेल तरी ती बाकी मोठी निघते, म्हणजे निरपराध कंपनीही यात संशयित ठरू शकते. शिवाय हाताळणी केवळ हिशेबवहीत होत नाही. जाहिरात थांबवणे, संशोधनाचा खर्च कापणे, वर्षअखेरीला जादा सूट देऊन माल खपवणे, हेही नफा साधण्याचे मार्ग आहेत आणि सुगत रॉयचौधुरी यांनी 2006 मध्ये ते मोजून दाखवले. ग्रॅहम, हार्वे आणि राजगोपाल यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वित्त अधिकाऱ्यांना विचारले होते. नफ्याचा आलेख गुळगुळीत राहावा म्हणून कंपनीच्या दीर्घकालीन मूल्यावर पाणी सोडू, असे त्यांतल्या 78 टक्क्यांनी सांगितले.

आता मालकीकडे येऊ. या विषयाचा पाया 1932 मध्ये बर्ली आणि मीन्स यांनी घातला. मोठ्या कंपनीचे भाग हजारो लोकांत वाटले गेले की मालक नावापुरते राहतात आणि कारभार व्यवस्थापकांच्या हाती जातो, हे त्यांचे निरीक्षण. 1976 मध्ये जेन्सन आणि मेकलिंग यांनी त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. दुसऱ्याचा पैसा सांभाळणारा माणूस स्वतःचे हित आधी पाहतो आणि त्याची किंमत मालक मोजतो. यातून सरळ उत्तर निघते की मोठा मालक असेल तर तो लक्ष ठेवील आणि हिशेब सुधारतील. पुष्कळ पाठ्यपुस्तके इथेच थांबतात. आपल्याकडचे वास्तव मात्र या चौकटीत मावत नाही. भारतातल्या बहुसंख्य सूचीबद्ध कंपन्यांमध्ये प्रवर्तक कुटुंब हाच मोठा मालक असतो, आणि तोच कारभारीही. इथे भांडण मालक आणि व्यवस्थापक यांच्यात नसते. मोठा मालक आणि छोटा मालक यांच्यात असते.

फॅन आणि वोंग यांनी 2002 मध्ये पूर्व आशियातल्या सात अर्थव्यवस्थांमधल्या 977 कंपन्या तपासल्या. मालकी जितकी एकवटलेली, तितका बाजार जाहीर नफ्यावर कमी विश्वास ठेवतो, असे त्यांना आढळले. याउलट वांग यांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या बड्या कंपन्या पाहिल्या, तर संस्थापक कुटुंबाची मालकी असलेल्या कंपन्यांचे हिशेब अधिक चोख निघाले. विद्यार्थी गोंधळून विचारतात, यांतले खरे कोणते? दोन्ही खरी आहेत. कुटुंबाला नावाची काळजी असते, पुढच्या पिढीला धंदा सोपवायचा असतो, त्यामुळे एखाद्या तिमाहीचा नफा रंगवण्याची त्याला घाई नसते. त्याच कुटुंबाला आपल्या दुसऱ्या, खासगी कंपनीत पैसा वळवायचा असेल, तर ते झाकण्याची गरजही त्यालाच असते. यांतली कोणती ओढ जिंकेल हे कायदा, न्यायालये, बँका आणि छोट्या भागधारकाचा आवाज यांवर ठरते.

पैसा वळवण्याचा प्रश्न भारतीय आकडेवारीवर तपासणारा एक निबंध मी प्रत्येक नवागताच्या हाती ठेवतो. बर्ट्रांड, मेहता आणि मुल्लैनाथन यांनी 2002 मध्ये, मुंबईच्या सीएमआयई या संस्थेच्या ‘प्रोवेस’ या माहितीसंग्रहावरून, उद्योगसमूहांमधल्या कंपन्यांचे नफे पाहिले. त्यांची युक्ती साधी होती. एखाद्या उद्योगाला तेजी आली की त्यातल्या सगळ्या कंपन्यांचा नफा वाढायला हवा. पण समूहातल्या ज्या कंपनीत प्रवर्तकाचा स्वतःचा हिस्सा कमी, तिचा नफा अपेक्षेइतका वाढत नव्हता, आणि जिथे त्याचा हिस्सा जास्त, तिथे तो भलतीकडच्या तेजीनेही वाढत होता. म्हणजे समूहाच्या आत पैसा वाहत होता, आणि तो धंद्याबाहेरच्या उत्पन्न-खर्चाच्या रकान्यांतून जात असल्याच्या खुणा होत्या. पुढे 2012 मध्ये सीगल आणि चौधुरी यांनी या निष्कर्षाला आव्हान देऊन, समूहांच्या धंद्याची रीतच वेगळी असल्याने असे दिसते, असा युक्तिवाद केला. हा वाद मिटलेला नाही आणि तरुण संशोधकाला इथे भरपूर काम आहे.

बेंगळुरूपुरते बोलायचे तर हा वाद पुस्तकी राहिलेला नाही. कॉफी डे एंटरप्रायझेस ही या शहराची लाडकी कंपनी, पहिले कॅफे ब्रिगेड रोडवर 1996 मध्ये उघडले. 2019 मध्ये संस्थापकाच्या मृत्यूनंतर चौकशी झाली, तेव्हा उपकंपन्यांमधून 3,535 कोटी रुपये प्रवर्तक कुटुंबाच्या एका खासगी कंपनीकडे गेल्याचे दिसले. जानेवारी 2023 मध्ये सेबीने कंपनीला 26 कोटींचा दंड ठोठावला. ज्यांच्या पैशाची वाट बदलली त्या भागधारकांना त्या वर्षांमधल्या अहवालांवरून ही वाट दिसली नव्हती. दंडही कंपनीलाच झाला, म्हणजे त्याचा भार पुन्हा त्याच भागधारकांवर पडतो. ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते आणि तशी ती आहे.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट याच्या उलट टोकाची. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात संस्थापक-अध्यक्षांनी कबूल केले, की ताळेबंदातल्या 5,361 कोटींच्या रोख-बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत कार्यकारी नफा विक्रीच्या 24 टक्के दाखवला होता, प्रत्यक्षात तो 3 टक्के होता. प्रवर्तकांचा हिस्सा एकेकाळी सुमारे 25 टक्के होता, तो नऊ टक्क्यांच्या खाली आलेला होता आणि भाग गहाण पडलेले होते. ज्याचे भाग गहाण आहेत त्याला शेअरचा भाव पडू देता येत नाही, कारण भाव पडला की सावकार भाग विकतो आणि कंपनी हातची जाते. म्हणून मालकीचा अभ्यास करताना केवळ टक्केवारी पाहून भागत नाही. ते भाग मोकळे आहेत की गहाण, हे आधी पाहायचे.

आणि आता सहकार. इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण जगभरच्या संशोधनात या प्रकारच्या मालकीवर तुलनेने थोडे लिहिले गेले आहे आणि मराठी माणसाचा पैसा मात्र तिथेच आहे. सहकारी बँकेत एक सभासद, एक मत. तत्त्व उदात्त आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभा केलेला कारखाना याच तत्त्वावर उभा राहिला, आणि त्या तत्त्वाबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण नागरी सहकारी बँकेत मालक नेमका कोण, हे बारकाईने पाहा. ठेवीदाराने सभासद व्हायलाच हवे असे नाही. कर्जदाराला मात्र भाग घ्यावे लागतात. तारणी कर्जाच्या अडीच टक्के आणि विनातारण कर्जाच्या पाच टक्के भाग, हा रिझर्व्ह बँकेचा जुना दंडक. परिणामी वार्षिक सभेत मत देणाऱ्यांत कर्जदारांचा भरणा मोठा असतो आणि ज्यांचा पैसा सर्वाधिक पणाला लागला आहे ते ठेवीदार सभेबाहेर राहतात. कर्ज थकले हे मान्य करण्यात कर्जदार-मालकाचे नुकसान, झाकण्यात फायदा. नव्वद दिवस हप्ता चुकला की खाते अनुत्पादित धरायचे, तरतूद करायची, नफा घटवायचा. त्याऐवजी त्याच कर्जदाराला दुसऱ्या नावाने नवे कर्ज दिले की जुना हप्ता भरला जातो, ताळेबंद निरोगी दिसतो, लाभांशही वाटता येतो.

मुंबईच्या पीएमसी बँकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर झाले. 23 सप्टेंबर 2019 रोजी तिच्यावर निर्बंध आले तेव्हा सुमारे 8,800 कोटींच्या कर्जांपैकी 6,500 कोटी एकाच बांधकाम समूहाकडे होते. पोलिसांकडच्या तक्रारीनुसार त्या समूहाशी संबंधित 44 कर्जखाती लपवण्यासाठी 21,049 बनावट खात्यांची यादी तयार केली गेली, आणि ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत उघडलेलीसुद्धा नव्हती. ती होती फक्त तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना द्यायच्या माहितीत. बँकेचे अध्यक्ष पूर्वी त्याच समूहाच्या कंपनीत संचालक होते. त्याआधी 2010 मध्ये पेण अर्बन, 2013 मध्ये पुण्याची 1912 साली स्थापन झालेली रुपी बँक. रुपीच्या ठेवीदारांनी नऊ वर्षे वाट पाहिली आणि 2022 मध्ये परवानाच रद्द झाला. बसवनगुडीची बँक या रांगेत शेवटची नाही. पण वस्तीतली विश्वासाची नाती हिशेबावरच्या पहाऱ्याची जागा घेऊ शकत नाहीत, हे तिने फार महागात दाखवून दिले. शेअर बाजारात भाव पडतो तेव्हा लाखो अनोळखी माणसे एका क्षणात शंका नोंदवत असतात. सहकारी बँकेच्या भागाला भाव नसतो, तो दर्शनी किमतीलाच परत होतो, म्हणून तिथे शंका नोंदवायला आकडाच नाही.

सरकारी मालकीबद्दल थोडक्यात. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या मालमत्तेची झाडाझडती घेतली आणि मार्च 2018 पर्यंत सरकारी बँकांची ढोबळ अनुत्पादित कर्जे 14 टक्क्यांच्या वर गेली. ही कर्जे त्या तीन वर्षांत अचानक बिघडली नव्हती. त्यांतली बरीच आधीपासून दुखणाईत होती, फक्त वहीत तशी लिहिलेली नव्हती. मालक सरकार असले म्हणजे हिशेब आपोआप खरे होतात, हा समज त्यावेळी गळून पडला.

इतक्या उदाहरणांवरून माझे मत बनले आहे ते सांगतो, वाचकाने ते तपासून पाहावे. मालकी एकवटलेली आहे की पसरलेली, हा दुय्यम प्रश्न आहे. कारभार ज्याच्या हाती आहे आणि तोटा ज्याच्या माथी येणार आहे, या दोघांत अंतर किती, हा पहिला प्रश्न. कॉफी डेमध्ये, सत्यममध्ये, पीएमसीत हे अंतर प्रचंड होते. मालकीचे प्रकार मात्र तिन्ही ठिकाणी निराळे होते.

एक इशाराही द्यायला हवा. मालकी आणि हिशेबाची गुणवत्ता एकत्र बदलताना दिसली, म्हणजे एकीमुळे दुसरी बदलली असे होत नाही. डेमसेट्झ आणि लेन यांनी 1985 मध्येच दाखवले होते की मालकीचे स्वरूप धंद्याच्या स्वभावावरून ठरते. ज्या धंद्यात लक्ष ठेवणे अवघड, तिथे मोठा मालक तयार होतो, आणि तिथेच हिशेबही धूसर असतात. म्हणून चांगला संशोधक कायद्यातला बदल, संस्थापकाचा अचानक मृत्यू, भागविक्रीची सक्ती अशा बाहेरून आलेल्या धक्क्यांचा शोध घेतो. आपल्याकडे असे धक्के पुष्कळ आहेत. सूचीबद्ध कंपन्यांत किमान 25 टक्के भाग जनतेकडे असावेत ही 2010 ची अट, 2013 च्या कंपनी कायद्याने आणलेली लेखापरीक्षकांची सक्तीची अदलाबदल, 2018 मध्ये स्थापन झालेले, लेखापरीक्षणावर देखरेख ठेवणारे एनएफआरए हे प्राधिकरण, 2020 च्या दुरुस्तीने सहकारी बँकांच्या लेखापरीक्षक-नेमणुकीला लागलेली रिझर्व्ह बँकेची पूर्वसंमती. यांतल्या शेवटच्या बदलाचा हिशेबाच्या गुणवत्तेवर काय परिणाम झाला, हा विषय एखाद्या मराठी विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी घ्यावा, अशी माझी फार इच्छा आहे. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर या पट्ट्यात जितके सहकारी हिशेब आहेत तितके क्वचितच दुसरीकडे सापडतील, आणि ते वाचायला मराठी यावे लागते.

पुस्तकातली प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. पदवीच्या विद्यार्थ्याने अ‍ॅक्रुअलच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, सनदी लेखापालाने संबंधित पक्षांच्या व्यवहारांपासून. जो वाचक यांपैकी कोणीच नाही, ज्याच्याकडे फक्त एका बँकेची मुदत ठेवीची पावती आहे, त्याच्यासाठीही हे लिहिले आहे. ठेव विम्याची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून एक लाखावरून पाच लाख झाली. 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला ती रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची सोय झाली. पाच लाखांच्या वरचे पैसे अजूनही त्या बँकेच्या हिशेबाच्या खरेपणावरच अवलंबून आहेत. तेव्हा आपल्या बँकेचे सभासद व्हा, वार्षिक सभेला जा, आणि सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे, हे उठून विचारा. तो आकडा आता अहवालात द्यावाच लागतो.